गळलेला फर्मा

७ जानेवारी

बारक्या,

वर ‘प्रिय’ लिहिलं नाही, ते विसरले म्हणून नाही. अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणजे ताईला उपरती झाली असंही समजू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय. काम झालं की तू तुझ्या घरी, मी माझ्या.

मनी आता एकोणीस वर्षांची आहे. तू गेलास तेव्हा आठची होती. तिचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. ते तुला कळवलं नव्हतं, कळवावंसं वाटलं नाही.

वर्षभरापूर्वी मनी फोन डाव्या कानाऐवजी उजव्या कानाला लावायला लागली. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. जेवताना मी तिच्या डाव्या हाताला बसते, तेव्हा मला काही ऐकू जाऊ नये म्हणूनच हिने कान बदलला असणार. महिनाभर पाळत ठेवली. कुणाचा फोन येतो, कितीला येतो. शेवटी विचारलं तर म्हणाली, “आई, डाव्या कानात सारखा फ्रीज चालू असल्यासारखं वाटतं.” मग मनगटावरची वाटाण्याएवढी गाठ दाखवली.

डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढला. थोडंसं काहीतरी दिसलं, फार नाही. आता जनुकांची तपासणी चालली आहे. तिथे एक समुपदेशक बाई आहेत. चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधत असतात, पण प्रश्न मात्र नेमके विचारतात.

“घरात आणखी कुणाला कानाचा त्रास?”

“नाही.”

“तुमच्या भावाच्या कानाजवळची गाठ काढली होती ना?”

मी मनीकडे पाहिलं. मनी भिंतीवरच्या तक्त्याकडे. या बाईंना आपल्या घरातलं कुणी सांगितलं? तू सांगितलंस का? तुझ्या बायकोने?

पुढे त्यांनी विचारलं, वडील कशाने गेले. तापाने, असं मी सांगितलं. तूही तेच सांगतोस ना?

मनीचं रक्त घेतलं तेव्हा नळीवरचं नाव मी स्वतः वाचलं आणि नंबर वहीत उतरवून घेतला. नर्स हसली. हसू दे. आमच्या बाइंडिंगच्या कामात एका गठ्ठ्याचं लेबल दुसऱ्याला लागलं की इतिहासाच्या पुठ्ठ्यात भूमिती जाते. महिन्याने रिपोर्ट आला: दोष आढळला नाही. तुझा आला होता तसाच, शब्दाला शब्द. मला वाटलं, सुटलो. तर बाई म्हणतात, एवढ्यावर थांबता येणार नाही, दुसरी तपासणी करू. पहिली बरोबर असेल तर दुसरी कशाला, आणि चूक असेल तर त्यांच्यावर विश्वास कशाला? पण मनी हट्टाला पेटली आहे.

तर काम एवढंच. तुझा जुना रिपोर्ट पाठव. आणि एका प्रश्नाचं उत्तर दे: त्यानंतर तू पुन्हा कधी तपासून घेतलंस का? हो किंवा नाही. पत्र तुझ्या नावाने आहे, तुझ्या बायकोने उघडायचं कारण नाही.

माझी प्रकृती ठीक आहे. डाव्या कानाला सर्दीने दडा बसलाय, तेवढंच.

ताई

३ फेब्रुवारी

बारक्या,

पोचपावती आली, उत्तर आलं नाही. पावतीवरची सही तुझी नाही. तुझ्या सहीतला शेवटचा फराटा मला माहीत आहे. तेव्हा हे पत्रही कुणाच्या हातात पडणार ते कळतंय. पडू दे.

दुसऱ्या तपासणीचा निकाल आला. दोष सापडला.

समुपदेशक बाई कागदावर रेघा मारून समजावत होत्या. पहिल्या तपासणीत जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचतात. दुसरीत वाचत नाहीत, जनुकाच्या प्रत्येक भागाच्या किती प्रती आहेत ते मोजतात. प्रत्येक माणसाकडे दोन हव्यात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. मनीच्या जनुकातल्या एका मोठ्या भागाची एकच प्रत भरली.

मी म्हटलं, “मग पहिल्यांदा वाचताना दिसलं कसं नाही?”

“कारण दुसऱ्या प्रतीत तो भाग होता. वाचणाऱ्याला अक्षरं मिळत गेली, सगळी बरोबर मिळाली.”

तेव्हा मला कळलं, बारक्या, अगदी स्वच्छ कळलं. आमच्याकडे मुद्रितशोधक एकेक वेलांटी बघतो. पण शिवताना सोळा पानांचा एक फर्माच गळला तर उरलेल्या पुस्तकात त्याला एकही चूक सापडणार नाही. तो बाइंडरने मोजायचा असतो. बत्तीस वर्षं मी फर्मे मोजतेय.

म्हणजे तुझा तो रिपोर्ट, जो मी भांडणाच्या दिवशी तुझ्या बायकोच्या तोंडापुढे नाचवला, तोही असाच असणार. नुसता वाचलेला, न मोजलेला.

आता मला खरं सांग. तुला हे माहीत होतं. आमच्याकडे येणाऱ्या कागदाच्या एजंटाने तुला बघितलं. तुझ्या दुकानात पंपाची जळालेली मोटार भरून घ्यायला गेला होता. म्हणाला, तुमच्या भावाच्या कानामागे यंत्र आहे, आणि चालू मोटारीवर हात ठेवून बघतो, कान लावत नाही. तू, जो गल्लीच्या टोकावरून पंप कुठे अडतोय ते सांगायचास. एवढं झाल्यावर तू हातावर हात धरून बसला असशील असं मला वाटत नाही. तू पुन्हा तपासून घेतलं असणार, तुला कळलं असणार, आणि तू मला सांगितलं नाहीस. माझ्यावरचा राग माझ्या पोरीवर काढलास.

मागच्या पत्रात लिहिलं ते पूर्ण खरं नव्हतं. स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंच्या ऐकण्याच्या नसांवर गाठी आहेत. कर्करोग नाही म्हणतात, पण वाढतात. डावी मोठी आहे. मेंदूला टेकली आहे.

गप्प बसण्यात काय मिळवलंस ते कळव.

ताई

२१ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. “सहा वर्षांपूर्वी तुला रजिस्टर पाकीट पाठवलं होतं. पोचपावती माझ्याकडे आहे. सही तुझीच आहे.”

वाचल्यावर पहिल्यांदा म्हटलं, खोटं. मग म्हटलं, सही तुझ्या बायकोने काढली असेल, शाळेत फळ्यावर गिरवून गिरवून मास्तरीणबाईंचा हात बसलाय. संध्याकाळपर्यंत मी एवढंच घोकत होते. दुकानात तीन पुस्तकं उलटी शिवली.

पण मला आठवत होतं, बारक्या. पहिल्या ओळीलाच आठवलं होतं.

पाकीट आलं त्या दिवशी सरस उकळत ठेवला होता, हात चिकट होते, म्हणून पोस्टमनच्या पेनालाही लागला. पत्त्यावर तुझ्या बायकोचं अक्षर. पाकीट जाड. मला वाटलं, घराच्या वाटणीची नोटीस. उघडलं नाही. परत करायचं धाडसही झालं नाही. मोठ्या कपाटात पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे सारून दिलं. मनी तेव्हा तेरा वर्षांची होती. शाळेतून आली, विचारलं, कुणाचं पत्र? मी म्हटलं, जाहिरात.

काल उघडलं.

तुझा मोजणीचा रिपोर्ट आहे. मनीच्या निकालात जो भाग कमी आहे, तोच. आणि तुझ्या बायकोचं एक पान आहे. तुला ते आठवत असेलच, तरी लिहिते. “ताई, माझ्याशी बोलू नका, हरकत नाही. राग माझ्यावरच असू द्या. पण मनीचा स्कॅन करून घ्या. गाठी लहान असताना दिसल्या तर डॉक्टरांना त्यांच्यावर लक्ष ठेवता येतं, कान वाचण्याची आशा जास्त असते. तुम्हीही तपासून घ्या. आपल्याकडे पहिल्या रिपोर्टवर सगळे निश्चिंत झाले, ते चुकलं.” खाली डॉक्टरांचं नाव, फोन, आणि कोणती तपासणी मागायची ते ठळक अक्षरात, दोनदा अधोरेखित.

सहा वर्षं ते माझ्या पुठ्ठ्यांमागे होतं. मी त्या कपाटातून रोज पुठ्ठे काढत होते.

मी समुपदेशक बाईंना जाऊन विचारलं. आडून आडून विचारलं, ओळखीच्या कुणाचं तरी म्हणून. सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर डावा कान वाचला असता का? त्यांनी चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. म्हणाल्या, “ओळखीच्या बाईंना सांगा, नक्की कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित.”

हे ‘कदाचित’ आता मला जन्मभर पुरेल.

मनीला सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस. सांगेन मी, ऑपरेशन झाल्यावर. तिच्या मनाला त्रास नको, दुसरं काही कारण नाही.

ताई

४ मार्च

बारक्या,

दुसरं कारण होतं. ते तुलाही कळलं असेल.

मनी गेले दोन महिने गुरुवारी उशिरा घरी येते. मी वहीत वेळा मांडल्या होत्या. परवा तिची पिशवी उघडून बघितली. लाज वाटते, पण बघितली. आत तुझ्या बायकोच्या अक्षरातली चार पत्रं.

मनी दारात उभी होती. मी तिला विचारण्याआधी तिनेच विचारलं, “वाचलीस?”

“तुला पत्ता कुठे मिळाला?”

“तू मामाला पाठवलेल्या पाकिटावरून. पोस्टात मीच टाकलं होतं ना.”

“आणि त्या बाईंना मामाच्या गाठीचं कुणी सांगितलं?”

“मी. आई, मी आठ वर्षांची होते, बहिरी नव्हते. तुम्ही सगळे त्या दिवशी केवढ्याने ओरडत होतात.”

म्हणजे इतके दिवस मी तुला आणि तुझ्या बायकोला धरून बसले होते, आणि सगळं माझ्याच घरातून चाललं होतं. मनी दर गुरुवारी वाचनालयात बसून मामीला लिहीत होती. घरी लिहिलं असतं तर मी मागे उभी राहिले असते, म्हणाली. राहिले असते.

मग ती जे बोलली ते तुला सांगितलंच पाहिजे. “मामीने लिहिलंय की सहा वर्षांपूर्वी तुला पाकीट पाठवलं होतं. मी तिला उलट लिहिलं, पोस्टात गहाळ झालं असणार. माझी आई भांडेल, टोचून बोलेल, पण माझ्या जिवाशी संबंधित काही लपवणार नाही.”

बारक्या, ती माझी बाजू घेऊन भांडली होती. माझ्यासारख्या संशयी बाईच्या पोटी असं कसं निपजलं कोण जाणे.

मी कपाटाकडे गेले आणि पाकीट आणून तिच्या हातात दिलं.

तिने सगळं वाचलं. उभ्याने. दोनदा वाचलं. म्हणाली, “जाहिरात म्हणाली होतीस.” आत जाऊन दार लावलं. आज तिसरा दिवस आहे, हवं-नको तेवढंच बोलते. तेही तिच्या उजव्या बाजूला जाऊन विचारावं लागतं, नाहीतर तिला ऐकूच जात नाही, आणि मला कळत नाही की ऐकलं नाही की ऐकून सोडलं.

आता आणखी एक. ते इतकी वर्षं कुणाशी बोलले नाही.

माझ्याही रक्ताची मोजणी झाली. तोच भाग, एकच प्रत. म्हणजे मनीला हे माझ्याकडून आलं, आणि आपल्या दोघांना एकाच ठिकाणाहून. बाबांकडून, कारण आईचे कान शेवटपर्यंत तीक्ष्ण होते. आरागिरणीच्या आवाजाने बाबांचे कान गेले, असं आपण म्हणत आलो. पण त्यांची पाठ मी चोळून द्यायचे. पाठीवर गाठी होत्या, मनीच्या मनगटावर आहे तशाच. अकरा वर्षांपूर्वी, हा आजार घराण्यातून आलाय म्हणत तुझ्या बायकोने नेमकं तेच विचारलं होतं, ‘बाबांच्या अंगावर गाठी होत्या का?’ आणि मी तिला खोटारडी म्हटलं. मला माहीत असून.

का म्हटलं, ते सांगते. बाबांच्या आजाराचा विषय निघाला की त्यांच्या मरणाचा निघतो, आणि तो मला नको होता.

समुपदेशक बाईंना मी आता खरं सांगितलं: ताप नव्हता, तळ्यात बुडाले. म्हणाल्या, “पोहता येत नव्हतं?” मी म्हटलं, “तळं आडवं पार करायचे.” म्हणूनच तर लोक कुजबुजले, बारक्या. पट्टीचा पोहणारा काठापासून चार हातांवर बुडतो कसा? त्या दिवशी सकाळी आई त्यांच्यावर फार ओरडली होती. बहिऱ्या माणसाशी संसार करून विटले, असं म्हणाली होती. तू तेव्हा चौदा वर्षांचा, मी चोवीसची. मी ते ऐकलं, आणि मनात धरलं की बाबांनी जीव दिला, आणि तो आईमुळे दिला. आईला कधी बोलले नाही. फक्त शेवटपर्यंत तिच्या हातचं पाणी गोड मानलं नाही. ती गेली तरी राग गेला नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “या आजारात तोल सांभाळणारी नस बिघडते. जमिनीवर माणूस डोळ्यांनी भागवतो. गढूळ पाण्यात बुडी मारली की वर कुठे आणि खाली कुठे हे काहींना कळेनासं होतं. चांगले पोहणारेही फसतात. तुमच्या वडिलांचं नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण असं होऊ शकतं.”

मी त्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि जिन्यात बसले. अठ्ठावीस वर्षं मी आईला गुन्हेगार धरलं. तिने शेवटच्या आजारात मला विचारलं होतं, ‘तुझा माझ्यावर एवढा राग का?’ मी म्हटलं होतं, ‘कुठे काय.’

तुझ्या बायकोच्या पत्रात वाचलं, तुझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि पोहायला शिकतो. त्याची तपासणी झाली नसेल तर करा. निकाल येईपर्यंत त्याला पाण्यात एकटा सोडू नकोस. हे मी हात जोडून लिहितेय. तूही उतरू नकोस.

मनीचं ऑपरेशन दोन एप्रिलला आहे.

ताई

१४ एप्रिल

प्रिय बारक्या,

तुला आता सगळं कळलं असेलच, पण माझ्या बाजूने सांगते.

ऑपरेशन साडेआठ तास चाललं. बाहेरच्या बाकावर मी एकटी होते. दुपारी एक बाई येऊन शेजारी बसली, हातात कापडी पिशवी, केस पांढरे व्हायला लागलेले. मी जरा सरकले आणि माझी पिशवी जवळ ओढून घेतली. नको तिथे सलगी करणारे लोक हॉस्पिटलात फार असतात. ती काहीतरी बोलली. माझ्या डाव्या बाजूला होती, मला कळलं नाही. मग ती उठून उजवीकडे येऊन बसली आणि पुन्हा म्हणाली, “ताई, मी आहे.”

तुझ्या बायकोला मी ओळखलं नाही, बारक्या. अकरा वर्षं जिच्याशी मनातल्या मनात भांडले, तिला.

तिने डबा उघडून समोर धरला. मी म्हटलं, “माझ्यामुळे पोरीचा कान गेला.” ती म्हणाली, “कान गाठीमुळे गेला.” मी म्हटलं, “तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस.” यावर ती चिडली. खरंच चिडली. म्हणाली, “तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी कशाला बोलू? तुम्ही मला भर घरात खोटारडी म्हणालात. ते मी विसरलेले नाही आणि विसरेन असं वाटतही नाही. मी मनीसाठी आले आहे. तुम्ही आधी जेवा.”

मी जेवले. कुणी मला इतकं सरळ बोलल्याला फार दिवस झाले होते. तिच्या बोलण्यात आत काय दडलंय ते शोधावं लागलं नाही.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांचं बोलणं मला धड ऐकू येत नव्हतं. एका कानाला आजाराने दडा बसलेला, दुसऱ्याला भीतीने. तिने ऐकलं आणि माझ्या हातावर बोट टेकवत एकेक करून सांगितलं. गाठ बहुतेक सगळी निघाली. डाव्या कानाचं ऐकणं गेलं. चेहऱ्याची नस वाचली. उजवीकडची गाठ लहान आहे, दर सहा महिन्यांनी बघायची.

मनी शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी मामीचा हात धरला. मला थोडं लागलं, ते लपवत नाही. मग दुसरा हात माझ्याकडे केला. त्यानंतर चौथ्या दिवशी मला म्हणाली, “आई, मी अजून रागावलेली आहे.” मी म्हटलं, “अस रागावलेली.” म्हणाली, “पण वेणी घालून दे, टाक्यांना धक्का न लावता तुलाच जमेल.” अर्धं डोकं भादरलेलं, वेणी कसली, शेंडीच. ती घातली.

तुझ्या मुलाचा निकाल तुझ्या बायकोला बाकावर बसल्या-बसल्याच फोनवर कळला. दोन प्रती, सगळे भाग पुरे. ती पदर तोंडाला लावून बसून राहिली. मी विचारणार होते, नळी बदलली तर नसेल ना, नंबर बघितला होता का. जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने ठेवू दिला.

माझाही स्कॅन झाला. डाव्या बाजूला आहे, उजव्या बाजूला बारीक ठिपका आहे. माझ्या वयात सावकाश वाढतात म्हणे. सर्दी नव्हती, ते मला गेल्या वर्षीच माहीत होतं.

आईचा फोटो आतल्या खोलीत ठेवला होता, तो बाहेर आणून लावला. तिच्यापुढे काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

मनी म्हणते, मामा पुढच्या महिन्यात येणार आहे. तू मला तसं लिहिलं नाहीस, पण ती खोटं बोलणारी मुलगी नाही. ये. मुलालाही आण. जिना जरा चढाचा आहे, तोल जात असेल तर खालून हाक मार, मी उतरेन. हाक ऐकू आली नाही तर मनी सांगेल.

आणि तुझा कोणता कान चालतो ते आधी कळव. माझा उजवा चालतो. शेजारी बसायचं की समोरासमोर, ते त्यावर ठरेल. इतक्या वर्षांनी भेटायचं आणि नेमकी चुकीची बाजू पकडून बसायचं, असं व्हायला नको.

तुझी ताई